सीटीआरची सवलत आणि एकट्याच्या नावावरचा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किराणा, रेस्टॉरंट, पेट्रोल पंप, मोटेल असा रोखीचा धंदा एकट्याच्या नावावर, म्हणजे सोल प्रोप्रायटर म्हणून चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिलं आहे. मी आधी बरीच वर्षं बँकेत काउंटरच्या आत बसले, आता छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. दोन्ही ठिकाणी लोकांनी मला जे विचारलं तेच इथे आहे. क्रमही साधारण तोच, कारण पहिला प्रश्न नेहमी भीतीचा असतो आणि कामाचे प्रश्न त्यानंतर येतात.

पैसे भरताना बँकेने माझा लायसन्स मागितला आणि काहीतरी फॉर्म भरला. हे काय आहे?

तो सीटीआर, म्हणजे करन्सी ट्रान्झॅक्शन रिपोर्ट. कामकाजाच्या एकाच दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख रक्कम भरली किंवा काढली, की बँकेला त्याची माहिती १५ दिवसांच्या आत सरकारी खजिन्याच्या फिनसेन या विभागाला पाठवावी लागते. १९७० च्या बँक सिक्रसी कायद्यातून ही पद्धत आली. फॉर्मचा नंबर ११२ आणि तो बँक भरते, तुम्ही नाही.

बँकेत शंभराच्या शंभर नोटांच्या गड्डीला मोहरीच्या रंगाची कागदी पट्टी असते. ती गड्डी म्हणजे बरोबर १०,००० डॉलर, आणि तेवढ्यावर फॉर्म लागत नाही. तिच्यावर एक डॉलर गेला की लागतो. आपल्या दुकानांच्या गल्ल्यात शंभराच्या नोटा कमी आणि विसाच्या जास्त. विसाच्या गड्डीची पट्टी जांभळी, ती २,००० ची. अशा सहा गड्ड्या काउंटरवर आल्या की आम्ही न विचारता ओळखपत्रासाठी हात पुढे करायचो.

सकाळी एका शाखेत ६,००० आणि दुपारी दुसऱ्या शाखेत ५,००० भरले तरी त्यांची बेरीज होते. भरलेल्या रकमांची बेरीज वेगळी आणि काढलेल्यांची वेगळी. एकातून दुसरी वजा होत नाही.

म्हणजे माझ्यावर संशय आहे का?

नाही. हा फॉर्म रकमेमुळे भरला जातो, माणसामुळे नाही. त्याने कर वाढत नाही, खातं गोठत नाही, इमिग्रेशनच्या कागदांवर लाल शेरा पडत नाही. तुमची विक्री रिटर्नमध्ये दिसत असेल तर शंभर सीटीआर भरले गेले तरी तुमचं काही बिघडत नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण खरं नुकसान होतं ते या फॉर्मच्या भीतीने केलेल्या उद्योगांनी. त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

मग या फॉर्ममधून सवलत कशासाठी?

रोज पंधरा हजार रोख भरणाऱ्या सुपरमार्केटचा रोज एक फॉर्म भरून कुणाच्याच हाती काही लागत नाही. असे लाखो कागद साचत गेले आणि तपास करणाऱ्यांना हवा तो कागद त्यात सापडेना. म्हणून १९९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ठरावीक गिऱ्हाइकांना सीटीआरमधून वगळायची वाट मोकळी केली.

तिचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात बँका, सरकारी कचेऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्या. तुम्ही-आम्ही दुसऱ्या टप्प्यात येतो: शेअर बाजारात नसलेले साधे धंदे, आणि कामगारांना रोखीने पगार देणारे मालक. पूर्वी दुसऱ्या टप्प्यासाठी त्याच बँकेत वर्षभर खातं असावं लागे आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. २००९ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या नियमांनी वर्षाचे दोन महिने केले आणि नूतनीकरण काढून टाकलं.

माझी कंपनी नाही, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) नाही, फक्त माझं नाव आणि दुकानाची पाटी. मला मिळू शकते का?

मिळू शकते. नियमात सोल प्रोप्रायटरचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे: बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर एकट्याच्या मालकीचा धंदाही या सवलतीला पात्र. काही बँकांमध्ये नवीन कर्मचारी "ही फक्त कॉर्पोरेशनसाठी" असं सांगून मोकळे होतात. ते बरोबर नाही. नम्रपणे त्यांच्या कंप्लायन्स विभागाला, म्हणजे नियमांचं पालन बघणाऱ्यांना, विचारायला सांगा.

अटी अशा. त्या बँकेत तुमचं व्यवहाराचं खातं किमान दोन महिने जुनं हवं. बँकेने तुमच्या धंद्याची नीट तपासणी करून जोखीम पारखली असेल तर त्याआधीही चालतं, पण एवढी मेहनत घेणारी बँक मी फार पाहिली नाही. त्या खात्यातून १०,००० च्या वरचे रोखीचे व्यवहार वारंवार व्हायला हवेत. आणि धंदा अमेरिकेत रीतसर नोंदलेला, करायला परवानगी असलेला हवा. म्हणजे पाटीवरच्या नावाची काउंटीत किंवा राज्यात नोंदणी, लागतील ते परवाने. पाटीवरच्या नावाची नोंदणी वेळेवर नव्याने न करणं ही आपल्या लोकांची सगळ्यात नेहमीची चूक. दुकान सुरू करताना एकदा केली, मग विसरले. बँक फाइल उघडते तेव्हा पहिला कागद तोच मागते.

"वारंवार" म्हणजे किती वेळा?

वर्षात पाच किंवा जास्त. महिन्याला पाच नाही, वर्षाला पाच. दिवाळीच्या मोसमात मिठाई विकून चार आठवड्यांत पाच मोठे भरणे केले, तरी संख्या भरते.

कुठल्या धंद्यांना मिळत नाही?

यादी लांब आहे आणि ती वाचताना पुष्कळांचा चेहरा उतरतो. गाड्या, बोटी, विमानं, शेतीची यंत्रं, मोबाइल होम यांची खरेदी-विक्री. वकिली, अकाउंटन्सी, डॉक्टरी. लिलाव. जहाजं, बस किंवा विमानं भाड्याने देणं वा चालवणं. सोनं-चांदी गहाण ठेवून पैसे देणं. जुगार, यात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचं परवानाधारक बेटिंग तेवढं वगळलेलं आहे. गुंतवणूक सल्ला. घरांची दलाली, टायटल इन्शुरन्स आणि घराचे व्यवहार पूर्ण करून देणं. कामगार संघटनांचं काम. स्वतः वित्तसंस्था असणं किंवा तिचा एजंट असणं. गांजाच्या धंद्याचंही तसंच, राज्यात तो कायदेशीर असला तरी.

पण तुमच्या धंद्याचा एक कोपरा या यादीत आला म्हणून सगळं संपलं असं नाही. यादीतल्या कामांमधून होणारी कमाई धंद्याच्या एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसेल, तर दुकान पात्रच राहतं. आणि इथला बारकावा आपल्या दुकानदारांसाठी सोन्यासारखा आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

समजा तुमचं एका कोपऱ्यावरचं दुकान आहे. दूध, ब्रेड, सिगारेट, चहापत्ती, आणि काउंटरच्या शेवटी लॉटरीचं मशीन. शेजारी मनी ऑर्डरही विकता. महिन्याला लॉटरीची तिकिटं ४०,००० डॉलरची जातात आणि किराणा ३०,००० चा. पाहणारा म्हणेल, निम्म्याहून जास्त जुगार, संपलं. पण फिनसेनने "उत्पन्न" या शब्दाचा अर्थ सांगितला आहे: त्या कामातून धंद्याला प्रत्यक्ष मिळतं ते, त्या कामाची एकूण उलाढाल नाही. तिकिटांचे चाळीस हजार तुमचे नाहीतच, ते राज्याच्या लॉटरीचे. तुमचं आहे ते कमिशन. मनी ऑर्डरवर लिहिलेली रक्कम तुमची नाही, वर घेतलेली फी तुमची. कमिशन आणि फी एका बाजूला, किराण्याची विक्री दुसऱ्या बाजूला ठेवली की बहुतेक दुकानं निम्म्याच्या खूप आत बसतात.

मी हे एका बाईंच्या दुकानासाठी मांडून दिलं होतं. एका पानावर तीन आकडे: किराणा विक्री, लॉटरी कमिशन, मनी ऑर्डरची फी. सोबत लॉटरी खात्याची महिन्याची पत्रकं. आधी "लॉटरी आहे ना तुमच्याकडे" एवढ्यावरच त्यांना परत पाठवलं होतं. ते पान पाहिल्यावर फाइल पुढे गेली.

मी घरखर्चाच्या खात्यातच दुकानाचे पैसे भरतो. चालेल का?

चालणार नाही. एकट्या मालकाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि त्याचं मूळ कायद्याच्या एका साध्या गोष्टीत आहे. सोल प्रोप्रायटरशिप ही तुमच्यापासून वेगळी कुणी व्यक्ती नसते. दुकान म्हणजे तुम्ही आणि तुम्ही म्हणजे दुकान. सीटीआरवरही मुख्य नाव तुमचंच येतं. दुकानाचं नाव पर्यायी नावाच्या रकान्यात जातं. २०२० मध्ये फिनसेनने दिलेल्या खुलाशानंतर बँका असंच भरतात.

त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, बेरीज. सवलत नसेल तर दुकानाच्या खात्यात भरलेले ७,००० आणि त्याच दिवशी स्वतःच्या बचत खात्यात भरलेले ४,००० एकाच माणसाचे धरले जातात, आणि फॉर्म लागतो. दोन वेगळ्या पाट्यांची दोन दुकानं तुमच्या एकट्याच्या नावावर असली तरी तेच.

दोन, सवलत धंद्याच्या खात्यापुरतीच असते. तुम्हाला माणूस म्हणून ती मिळत नाही. दुकानाच्या चालू खात्यात १४,००० भरले तर फॉर्म नाही. पण घर विकून आलेले किंवा नातेवाइकांनी परत केलेले १२,००० रोख घरच्या खात्यात भरले, तर फॉर्म भरलाच जाणार. खात्याला हात न लावता नुसत्या विसाच्या नोटा देऊन शंभराच्या घेतल्या, आणि रक्कम १०,००० च्या वर गेली, तरीही भरला जाणार.

म्हणून आधी खाती वेगळी करा. दुकानाचा भरणा दुकानाच्या खात्यात, वाण्याचं बिल घरच्या खात्यातून. सवलत मागायची नसेल तरी करा. मार्च-एप्रिलमध्ये रिटर्न भरताना मीच तुमचे आभार मानेन.

अर्ज कुठे मिळतो?

तुमच्यासाठी अर्ज नसतो. फॉर्म ११० असतो, पण तोही बँक भरते, आणि ज्या व्यवहारापासून तुम्हाला वगळायचं त्यापासून ३० दिवसांच्या आत फिनसेनला पाठवते. तुम्ही फक्त विचारू शकता आणि कागद देऊ शकता. प्रत्येक बँकेचा निर्णय तिचा तिचा. एका बँकेत सवलत आहे म्हणून दुसरीत आपोआप लागू होत नाही.

एकदा दिली की बँकेला वर्षातून किमान एकदा तुमची फाइल पुन्हा तपासावी लागते. त्यासाठी फोन आला तर टाळू नका. तो फोन तीन वेळा टळला की सवलत काढून घेणं हा बँकेसाठी सगळ्यात सोपा मार्ग असतो.

सगळ्या अटी पुऱ्या होतात, तरी बँक नाही म्हणाली. तक्रार करू का?

दुसऱ्या टप्प्याची सवलत देणं बँकेवर बंधनकारक नाही. ती देऊ शकते, द्यायलाच हवी असं नाही. चुकीच्या माणसाला सवलत दिली तर नंतर तपासणीत बँकेला उत्तर द्यावं लागतं, आणि फॉर्म भरणं आता संगणकावर काही मिनिटांचं काम झालं आहे. म्हणून पुष्कळ बँका सरळ फॉर्मच भरत राहतात. मला हे पटत नाही. पंचवीस वर्षं एकाच गल्लीत इमानाने दुकान चालवणाऱ्या माणसाला दर आठवड्याला लायसन्स काढून दाखवायला लावणं हे त्या सवलतीच्या मूळ हेतूलाच धरून नाही. पण कायदा बँकेच्या बाजूने आहे. छोट्या स्थानिक बँका आणि क्रेडिट युनियन तुम्हाला ओळखत असतील तर तिथे विचारून पाहा. खातं हलवायचं असेल तर नवीन ठिकाणी दोन महिने पुन्हा मोजले जातात.

सवलत मिळाल्यावर बँक माझ्याकडे बघणं सोडते का?

नाही. सवलत फक्त सीटीआरपुरती आहे. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, म्हणजे एसएआर, ५,००० डॉलरपासून पुढच्या व्यवहारावर बँक कधीही देऊ शकते, आणि त्याबद्दल तुम्हाला सांगायला तिला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीला "माझ्यावर रिपोर्ट गेलाय का?" असं विचारू नका. गेला असला किंवा नसला, तिला उत्तर देता येत नाही.

धंद्याचा आवाका अचानक बदलला तर आधीच कळवा. दुसऱ्या शाखेचं काउंटर सुरू केलं, जत्रेत स्टॉल लावला, शेजारचं दुकान बंद पडल्याने गर्दी वाढली, तर दोन ओळींचं ईमेल पुरेसं असतं.

सवलत मिळेपर्यंत दर वेळी ९,००० च भरले तर?

नका करू. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

फॉर्म टाळण्यासाठी रक्कम तोडून भरणं याला स्ट्रक्चरिंग म्हणतात आणि १९८६ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे घामाचे असोत, कर पूर्ण भरलेला असो, गुन्हा रक्कम तोडण्यात आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद, आणि मोठ्या रकमांच्या किंवा दुसऱ्या गुन्ह्याशी जोडलेल्या प्रकरणात दहा वर्षांपर्यंत. ते तोडणं बेकायदा आहे हे आरोपीला ठाऊक होतं असं सरकारने सिद्ध करायला हवं, असा निकाल १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा बदलून ती पळवाट बुजवली. तेव्हा "मला माहीत नव्हतं" याचा आधार धरू नका.

आयोवातल्या आर्नल्ड्स पार्क या गावी एक बाई कित्येक वर्षं मेक्सिकन जेवणाचं रेस्टॉरंट चालवत होत्या, फक्त रोखीवर. दहा हजारांच्या आत भरलं तर बँकेचं कागदी काम वाचतं, असं त्यांना आईने सांगितलेलं. २०१३ मध्ये आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, त्यांच्या खात्यातले सुमारे ३३,००० डॉलर जप्त केले. कुठलाही गुन्हा दाखल झाला नाही, तरी पैसे परत मिळायला त्यांना लढावं लागलं. मेरीलँडमध्ये शेतकऱ्यांच्या बाजारात दूध विकणाऱ्या एका डेअरीवाल्याच्या वाट्यालाही असंच आलं. अशा प्रकरणांवर इतका गदारोळ झाला की २०१४ मध्ये आयआरएसने धोरण बदललं आणि २०१९ च्या टॅक्सपेयर फर्स्ट कायद्याने कायदेशीर कमाईवरच्या अशा जप्तीला आळा घातला. पण रक्कम तोडण्याचा गुन्हा पुस्तकात आहे तसाच आहे.

माझ्या ओळखीच्या एका काकांकडे मी एका रविवारी संध्याकाळी हिशेबाला गेले होते. जेवणाच्या टेबलावर आठवड्याचा गल्ला मांडलेला, रबर बँड लावलेल्या गड्ड्या, बाजूला वरणाचं पातेलं. मोजून १३,४६० झाले. काकांनी वरच्या दोन गड्ड्या आणि सुट्या नोटा उचलून ड्रॉवरमध्ये टाकल्या. "ताई, नऊच भरतो उद्या. उगाच फॉर्मची कटकट कशाला, बँकेतल्या पोरीलाही त्रास." त्यांच्या मनात खरोखर तेवढंच होतं. मी त्यांना ड्रॉवर उघडायला लावला आणि स्लिपवर पूर्ण आकडा लिहायला लावला. सोमवारी फॉर्म भरायला बँकेला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढे पाच भरणे पुरे झाले आणि आम्ही त्यांच्या सवलतीची फाइल दिली. मोठे भरणे तोडत बसले असते तर ते पाच कधी झालेच नसते.

बँकेत गेल्यावर, फॉर्मचं ऐकून, "मग थोडे परत द्या" म्हणणंही रक्कम तोडण्यातच येतं.

मी मदतनिसांना रोखीने पगार देतो. त्यासाठी वेगळी सवलत आहे का?

आहे, सोल प्रोप्रायटरलाही लागू होते. दोन महिने जुनं खातं, आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या पगारासाठी १०,००० च्या वर रोख नियमित काढणं. ती फक्त पगारासाठी काढलेल्या पैशांना लागते. पगाराच्या स्लिपा आणि कापलेले कर नीट नसतील तर हे दार ठोठावूच नका, आधी पगारपत्रक सुधारा.

गिऱ्हाइकाने केटरिंगचे १२,००० रोख दिले. मला सवलत आहे, मग काही करायचं नाही ना?

करायचं आहे. बँकेची सवलत बँकेच्या फॉर्मला आहे. धंद्यात एका व्यवहारात किंवा एकमेकांशी जोडलेल्या व्यवहारांत १०,००० च्या वर रोख घेतली, की फॉर्म ८३०० तुम्हाला स्वतःला भरावा लागतो, १५ दिवसांत. लग्नाच्या केटरिंगचे तीन हप्ते धरून बेरीज वर गेली तरी. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, करदाता क्रमांक रक्कम घेतानाच लिहून घ्या. नंतर पाहुण्यांच्या मागे लागावं लागतं.

एलएलसी केली किंवा दुकान मुलाच्या नावावर केलं तर सवलत चालू राहते का?

एलएलसी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, मुलगा ही वेगळी व्यक्ती. सवलत तुमच्या एकट्याच्या नावावरच्या धंद्याला होती. बँकेला त्याच दिवशी सांगा आणि नवीन नावाने पहिल्यापासून सुरुवात धरा.

भारतातही असंच असतं ना?

नावाला सीटीआर तिथेही आहे. बँका १० लाखांवरचे रोखीचे व्यवहार एफआययूला, म्हणजे तिथल्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला, कळवतात, आणि एकमेकांशी जोडलेले छोटे व्यवहार महिन्याभराचे मिळून मोजले जातात. इथे हिशेब दिवसाचा असतो. पुण्यातल्या भावाच्या चालू खात्याच्या अनुभवावरून इथले निर्णय घेऊ नका.

बँकेत जाताना काय न्यायचं?

पाटीवरच्या नावाच्या नोंदणीची चालू प्रत, लागणारे परवाने, गेल्या वर्षाच्या रिटर्नमधलं शेड्यूल सी (धंद्याचा नफा-तोटा दाखवणारं पान), आणि उत्पन्नाचं ते एक पान: कशातून किती, कमिशन आणि फी वेगळी दाखवून. लॉटरी असेल तर तिची पत्रकं. मोठ्या भरण्यांच्या तारखा बँकेकडे असतातच, पण तुमच्या वहीत लिहिलेल्या असल्या तर बोलणं लवकर आटोपतं. शनिवारी सकाळी जाऊ नका, काउंटरवर रांग असते आणि कंप्लायन्सवाले सुटीवर. मंगळवारी किंवा बुधवारी अकराच्या सुमाराला जा आणि शाखा व्यवस्थापकाची वेळ आधी घ्या.